परक्या देशातला विद्यार्थी : फादर थॉमस स्टीफन्स

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त राजाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 बंगळूरच्या मराठी मंडळींपुढे बोलताना वक्त्याने शहाजीराजांचे स्मरण करावे असा प्रघात पडून गेला आहे, आणि तो योग्यच आहे. १६३८ साली हे शहर विजापूरकरांच्या ताब्यात आले व शहाजीराजांच्या जहागिरीत गेले. १६८७ साली ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे आले. तेव्हा अर्धशतकभर येथे मराठी माणसाचा अंमल होता, ही गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. परंतु आज येथे बसलेल्यांपैकी कोणीही जहागीर घेऊन राजाजीनगरास आलेला नाही. कोणी कारखान्यातील नोकरीसाठी आला, कोणी बँकेच्या बदलीवर आला, कोणी लग्न होऊन या गावी आली. अंमल गाजवायला येणे वेगळे आणि राहायला येणे वेगळे. म्हणून आज मी अशा एका माणसाची हकीगत निवडली आहे, की जो ऐन तिशीत आपला देश कायमचा सोडून परक्या भूमीत आला, तेथील भाषेपुढे विद्यार्थी म्हणून बसला, आणि ज्याची विद्यार्थिदशा चाळीस वर्षांनी, मृत्यूबरोबरच संपली. ती परकी भूमी म्हणजे गोमंतक आणि ती परकी भाषा म्हणजे आपली मराठी. त्या माणसाचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाची कथा या व्यासपीठावरून कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास ती मला गैर वाटणार नाही. त्या काळच्या गोव्यातील धर्मप्रसाराचा इतिहास सुखद नाही, आणि त्याविषयी मी पुढे आडपडदा न ठेवता बोलणार आहे. तूर्त एवढेच सांगतो, की धर्म सांगण्यासाठी दूरदेशी जाणारा तरुण ही काही केवळ युरोपची निर्मिती नव्हे. सम्राट अशोकाच्या काळी निरनिराळ्या देशांत बौद्ध भिक्षू धाडले गेले, त्यांची यादी सिंहलद्वीपातील ‘महावंस’ या ग्रंथात आहे. त्या यादीत महारठ्ठ, म्हणजे आपला महाराष्ट्र, आहे. आणि अपरांत, म्हणजे कोकणपट्टी, हीसुद्धा आहे. कोकणात जो भिक्षू पाठवला गेला त्याचे नाव धम्मरक्खित, आणि तो ‘योन’, म्हणजे यवन होता, असे तो ग्रंथ सांगतो. म्हणजे परदेशी मनुष्याने कोकणात येऊन धर्माच्या गोष्टी सांगाव्यात, हे स्टीफन्सच्या आधी अठराशे वर्षे घडून गेले होते. पुढे १८९३ साली तिशीतलाच एक संन्यासी आपल्याकडून शिकागोस गेला, ते तर सर्वश्रुतच आहे. या येण्याजाण्यात मनुष्य काय घेऊन गेला हे आपण नेहमी विचारतो. तेथे गेल्यावर तो काय शिकला, हे सहसा विचारत नाही. आजचा माझा विषय हा दुसरा प्रश्न आहे.

थॉमस स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या वेळी इंग्लंडात एलिझाबेथ राणीचे राज्य सुरू व्हायचे होते. ते सुरू झाल्यावर कॅथलिक पंथाच्या लोकांना दिवस कठीण आले. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत मित्राच्या घरी हा तरुण त्याचा सेवक म्हणून वेषांतराने राहत असे. दोघांनी मिळून रोमला जावे आणि जेझुइट संघात प्रवेश घ्यावा, असा बेत होता. परंतु निघण्यापूर्वीच पाउंडला अटक झाली, आणि पुढे आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्याने निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटाच रोमला पोहोचला आणि १५७५ च्या ऑक्टोबरात संघात दाखल झाला. तेव्हा हिंदुस्थानात येण्यापूर्वीच हा मनुष्य एकदा देशोधडीला लागलेला होता. ज्या घरी परत जाण्याची वाट खुली असते, ते घर सोडणे निराळे. त्याच्या मागची वाट बंद झालेली होती.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांच्या काफिल्याबरोबर तो लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरला. साडेसहा महिन्यांच्या या प्रवासाचे वर्णन त्याने गोव्यास पोहोचताच आपल्या वडिलांना लिहून पाठवले. हॅक्लुइट नावाच्या इंग्रज संकलकाने ते पत्र आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले, म्हणून ते आज उपलब्ध आहे. विषुववृत्ताजवळ वारा पडून जहाज उन्हात खिळून राहते, दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालताना समुद्र खवळतो, मग माणसांच्या हिरड्या सुजतात, पाय सुजतात, अंगात त्राण उरत नाही. त्या जहाजावर दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. पूर्वीच्या सफरींच्या मानाने हा आकडा थोडाच समजला गेला, असेही त्याने लिहिले आहे.

या पत्राचा शेवट मला फार बोलका वाटतो. नव्या देशातील झाडांविषयी सांगू लागलो तर एवढेच लांब दुसरे पत्र लिहावे लागेल, असे तो वडिलांना कळवतो. एक द्राक्षाचा वेल सोडला तर युरोपात पाहिलेले एकही झाड येथे दिसले नाही, आणि तो वेलही येथे निरुपयोगी. या देशातले पेय म्हणजे चांगले पाणी, किंवा माडाची ताडी, किंवा नारळ नावाच्या फळाचे पाणी. गोव्यात पाऊल ठेवून त्याला जेमतेम अडीच आठवडे झाले होते. आपणांपैकी ज्यांनी बंगळूरला आल्यानंतर गावाकडे पहिले पत्र लिहिले असेल, त्यांना या मजकुराची जात लगेच ओळखू येईल. येथले पाणी कसे आहे, जेवणात काय असते, हवा कशी आहे, येथे काय मिळते आणि काय मिळत नाही! नव्या मुलखाशी माणसाची पहिली ओळख तोंडी लागणाऱ्या वस्तूंनी होते. भाषेची ओळख त्यानंतर, आणि तिला वेळ लागतो.

स्टीफन्सची नेमणूक गोव्यातील साष्टी तालुक्यात झाली. मुंबईशेजारीही एक साष्टी आहे. ती ही नव्हे. ही मडगाव, राशोल, कुंकळ्ळी या गावांची साष्टी. या मुलखात राहणे त्या वेळी किती अवघड होते, ते समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, स्थापन झाले होते आणि ते मधला एक थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालू राहिले. साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांच्या मूर्ती भक्तांनी खाडीपलीकडे अंत्रुज महालात नेल्या, म्हणूनच आपण आज त्यांचे दर्शन मंगेशीला आणि कवळ्याला घेतो. ज्यांना जाणे शक्य झाले ते गेले. ज्यांना झाले नाही त्यांच्यापैकी अनेकांनी धर्म बदलला.

या धगीचा भडका १५८३ च्या जुलै महिन्यात उडाला. चर्चसाठी जागा पाहण्यास कुंकळ्ळीला गेलेल्या पाच जेझुइटांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही लोकांना संतप्त गावकऱ्यांनी ठार केले. त्या पाचांमध्ये रुदोल्फ आक्वाविवा होते, म्हणजे काही महिन्यांपूर्वीच अकबर बादशहाच्या दरबारातून परतलेले विद्वान धर्मोपदेशक. आपल्या या सहकाऱ्यांची प्रेते मिळवून त्यांची उत्तरक्रिया करण्याचे काम स्टीफन्सच्या वाट्याला आले. पुढे सत्तेनेही सूड घेतला. बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या कुंकळ्ळीच्या गावकरांना तेथे ठार मारण्यात आले. दोन्ही बाजूंचे रक्त त्या एका वर्षात त्या एका तालुक्यात सांडले.

आता एक तारीख आपण लक्षात ठेवावी अशी माझी विनंती आहे. २४ ऑक्टोबर १५८३. स्टीफन्स गोव्यात उतरला त्या दिवसाला त्या तारखेस बरोबर चार वर्षे पूर्ण झाली, आणि कुंकळ्ळीच्या घटनेला जेमतेम तीन महिने. त्या दिवशी त्याने पॅरिसमध्ये असलेल्या रिचर्ड नावाच्या आपल्या भावाला पत्र लिहिले. त्या पत्रात या देशातील भाषांविषयी काही ओळी आहेत. येथे भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला वाईट लागत नाहीत, आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन या भाषांसारखी आहे, असे त्याचे निरीक्षण आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, हे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या सभेत मांडले ते १७८६ साली. त्याच्या दोनशे वर्षे आधी, कोणत्याही विद्वत्सभेच्या आश्रयावाचून, एका तरुण पाद्र्याच्या कानाने हे नाते टिपले होते.

भाषाशास्त्राच्या इतिहासात या ओळींना मान आहेच. मला मात्र त्या पत्राची वेळ अधिक महत्त्वाची वाटते. ज्या लोकांनी आपल्या सोबत्यांना मारले त्यांच्याच भाषेविषयी तीन महिन्यांनी लिहिताना या माणसाच्या लेखणीत कडवटपणा नाही. हे बोलणे रानटी आहे, असे तो म्हणत नाही. उलट आपल्या शिक्षणात जे श्रेष्ठ मानले गेले त्या ग्रीक-लॅटिनच्या पंक्तीला तो तिला बसवतो. रागाच्या दिवसांत माणूस सर्वांत आधी समोरच्याच्या बोलीचा तिटकारा करू लागतो, हे आपल्या सीमाभागातील माणसांना मी सांगायला नको. बेळगाव आणि निपाणीकडची कुटुंबे या सभागृहात आहेत. त्यांना या तारखेचे मोल अधिक कळेल.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी इंग्रज व्यापाऱ्यांना हेर समजून गोव्याच्या तुरुंगात टाकण्यात आले. त्यांना जामिनावर सोडवण्याच्या कामी स्टीफन्सने खटपट केली. हे व्यापारी बहुधा प्रॉटेस्टंट, म्हणजे ज्या सत्तेने त्याचा मित्र कोठडीत डांबला तिचे प्रजाजन. तरीही परमुलखात आपल्या बोलीचा मनुष्य अडचणीत सापडला म्हटल्यावर तो धावला. मराठी शिकता शिकता तो इंग्रजी विसरला नव्हता, हा या गोष्टीतला दुसरा अर्थ.

आता आपण ग्रंथाकडे वळू. साष्टीतील खेड्यांत फादर स्टीफन्स यांनी पुढची तीन दशके काढली. इंग्रजी ही जन्मभाषा, लॅटिन ही धर्माची भाषा, पोर्तुगीज ही सत्तेची. त्यांवर त्यांनी घरोघरी बोलली जाणारी कोंकणी आणि पोथ्यांतून वाचली जाणारी मराठी या दोन्ही आत्मसात केल्या. बोली व्याकरणात बांधण्याचे काम त्यांनी केले, ती कोंकणी. त्यांच्या पश्चात १६४० साली राशोल येथे छापलेले ‘आर्त द लिंग्व कानारी’ हे कोंकणीचे पहिले छापील व्याकरण होय. ‘कानारी’ हे नाव ऐकून येथील कन्नड स्नेही फसतात. पोर्तुगीज लोक गोव्याच्या बोलीलाच हे नाव देत. काव्यासाठी मात्र फादर स्टीफन्स यांनी निवडली ती मराठी, कारण गोमंतकीयांचे कीर्तन-पुराण त्या भाषेत चालत असे. १६१६ साली राशोलच्या छापखान्यातून त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. आपण त्याला ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो.

हा ग्रंथ का लिहिला गेला, हे त्याच्या आरंभीच सांगितलेले आहे. एका गृहस्थाने पाद्रीगुरूंना विचारले, की आमची पूर्वीची पुराणे वाचण्याची तुम्ही मनाई केलीत; मग त्यांच्या जागी वाचायला दुसरी पुराणे आम्हांला का करून देत नाही? प्रश्न किती साधा आणि किती जिव्हारी लागणारा आहे, पाहा. धर्म बदलला तरी संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून ओवी ऐकण्याची भूक बदललेली नव्हती. ज्यांनी ती पंगत मोडली त्यांच्याकडेच त्या माणसाने न भिता दाद मागितली. फादर स्टीफन्स यांचे वेगळेपण असे, की त्यांनी हा प्रश्न अपमान मानला नाही, मागणी मानली. त्यांच्या सर्वांत मोठ्या कृतीची प्रेरणा रोमहून आलेली नव्हती. ती ज्यांना शिकवायला ते आले होते त्यांच्यापैकीच एकाने दिली.

या मागणीला त्यांनी दिलेले उत्तर सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. ग्रंथाचे दोन भाग असून पहिल्यात बायबलच्या जुन्या कराराची कथा आहे, तर दुसऱ्यात येशूचे चरित्र. अध्यायांना ‘अवस्वरु’ असे नाव आहे. छंद ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील ओवीचा. एकनाथमहाराजांचे निर्वाण १५९९ सालचे आणि तुकोबांचा जन्म रूढ मताप्रमाणे १६०८ चा, म्हणजे आपली संतपरंपरा भरात असताना, तिच्याच छंदात एक विलायती माणूस साष्टीत बसून लिहीत होता. देवाला तो परमेश्वर, स्वामी म्हणतो आणि स्वर्गाला वैकुंठ. पॅलेस्टाइनच्या कथेत आपल्या ओळखीचे शब्द, आपले अलंकार येतात. त्यातील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या तर आपणांपैकी अनेकांनी शाळेत पाठ केल्या असतील. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी यांत जे जे श्रेष्ठ ते ते आणून त्यांनी आपल्या भाषेची थोरवी सांगितली. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या कोणत्याही सभेत त्या ओव्या म्हटल्या जातात आणि टाळ्या पडतात. त्या लिहिणाऱ्याने ‘आई’ हा शब्द लहानपणी मराठीत उच्चारलेला नव्हता, हे टाळ्या वाजवताना आठवले पाहिजे.

या ग्रंथाबाबत एक खंत त्यांना शेवटपर्यंत राहिली असावी. ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, परंतु देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. १६०८ साली फादर स्टीफन्स यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून कळवले, की या देशाची भाषा या देशाच्याच लिपीत छापलेली पाहावी अशी आपली अनेक वर्षांची इच्छा आहे. युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते. येथे काना, मात्रा, जोडाक्षरे धरून सहाशेच्या घरात साचे लागतील, हीच मुख्य अडचण, असे त्यांचे म्हणणे होते. ती इच्छा पुरी झाली नाही. चारशे वर्षांनंतर आज सगळी देवनागरी आपल्या खिशातील मोबाइलमध्ये आहे, आणि आपली मुले आजीला निरोप पाठवतात तो रोमन अक्षरांत. एका परदेशी माणसाने जी अक्षरे मागून मिळाली नाहीत, ती आपल्याला न मागता मिळाली आहेत, एवढेच मी नोंदवून ठेवतो.

१६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत.

आता मघाशी दिलेले वचन पाळतो. ज्या सत्तेच्या छायेत हा कवी वावरला, तिने देवळे पाडली, पोथ्या हिरावल्या, माणसांना घरादाराला मुकवले. फादर स्टीफन्स या सत्तेविरुद्ध उभे राहिले असे म्हणण्यास आधार नाही. जुनी पुराणे वाचू नयेत हे मत त्यांचेही होते. त्यांना संत ठरवून हा इतिहास झाकणे बरोबर नाही. आणि हा इतिहास पुढे करून त्यांची ओवी नाकारणे हेही बरोबर नाही. सत्तेला भाषा पुसून टाकायची होती, याचा पुरावा पुढे १६८४ साली मिळाला. त्या वर्षी निघालेल्या फर्मानाने गोव्यातील ख्रिस्ती प्रजेने आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी, असे बजावले. म्हणजे ज्या संस्थेच्या एका सेवकाने त्या बोलीचे व्याकरण रचले, तिच्याच राजसत्तेने पुढे त्या बोलीवर बंदी घातली. तरी ती बोली जगली, आणि पुराणही जगले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्याची नोंद आहे.

हे पुराण कर्नाटकात कसे आले, ते या गावातल्या श्रोत्यांना जाणून घ्यावेसे वाटेल. गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे युद्धे, दुष्काळ आणि धर्मन्यायासन यांना कंटाळून दक्षिणेस मंगळूरच्या बाजूला सरकली. त्यांच्या सामानात या पुराणाच्या हस्तलिखित प्रती होत्या. १७८४ साली टिपू सुलतानाने त्या ख्रिस्ती समाजाला कैद करून श्रीरंगपट्टणला नेले आणि १७९९ पर्यंत ते बंदिवासात राहिले. त्या वर्षांत या ओव्या म्हणून ते मनाला धीर देत, अशी त्या समाजात परंपरा आहे. श्रीरंगपट्टण येथून किती जवळ आहे हे आपण जाणताच. पुढे १९०७ साली मंगळूरलाच जे. एल. सालढाणा यांनी पुराणाची आवृत्ती काढली. पुण्यात शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली ते देवनागरीत आणले. आणि फादर नेल्सन फालकाव यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती २००९ साली प्रसिद्ध झाली ती कोठे? आपल्या या बंगळूर शहरात. फादर स्टीफन्स यांची देवनागरीची इच्छा कन्नड भूमीतही पुरी व्हावी, हा योग आपल्या मंडळाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा राशोलहून निघालेल्या वाटेचे एक वळण पूर्ण झाले, असे मला वाटते. ते २०२४ साली दिवंगत झाले.

येथपर्यंत आपण ऐकलेत तो आपल्या भाषेचा गौरव होता आणि तो ऐकणे सोपे आहे. आता आरशाची दुसरी बाजू पाहू. महात्मा गांधी रस्त्यावर मेयो हॉलजवळ एका जर्मन माणसाचा पुतळा आहे. त्याच्या समोरून आपण शेकडो वेळा बसने गेलो असू. ते रेव्हरंड फर्डिनांड किटेल. १८५३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बासेल मिशनचे धर्मोपदेशक म्हणून ते धारवाडच्या बाजूला आले. फादर स्टीफन्सप्रमाणेच त्यांनीही येशूची कथा येथील भाषेत आणि येथील छंदांत रचली. ‘कथामाले’ हे तिचे नाव. केशिराजाचे जुने कन्नड व्याकरण त्यांनी संपादून छापले. आणि आगमनानंतर एकेचाळीस वर्षांनी, १८९४ साली, त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे सत्तर हजार शब्द आहेत. किटेल यांनी किती जणांना ख्रिस्ती केले, हे आज बंगळूरमध्ये कोणी विचारत नाही. कन्नड माणसाने पुतळा उभारला तो कोशासाठी.

जे आपल्याला स्टीफन्सच्या बाबतीत वाटते, तेच कन्नड माणसाला किटेलच्या बाबतीत वाटते. परका मनुष्य आपल्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसला, यातला आनंद दोन्हीकडे सारखा आहे. मग राजाजीनगरच्या कन्नड शेजाऱ्याला आपल्याकडे पाहून हा आनंद होतो का, हा प्रश्न सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी आपण स्वतःला विचारायला हवा. आपल्यातील पुष्कळजण उत्तम कन्नड बोलतात, वाचतात, हे मी जाणतो. पण कित्येकांचे कन्नड भाजीवाल्याशी आणि बसच्या कंडक्टरशी बोलण्यापुरतेच राहिले आहे, हेही खोटे नाही. वीस-वीस वर्षे येथे राहून दुकानाच्या पाटीवरील अक्षरे न वाचता येणे, यात मराठीपणाचे रक्षण होते असे कोणाला वाटत असेल, तर त्याने दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे स्मरण करावे. धारवाडच्या या कवीच्या घरात मराठी बोलली जाई. ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने त्यांनी कन्नड कवितेला जे दिले त्याचा गौरव १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने झाला. आणि त्यांनी मराठीतही लेखन केले. एक भाषा मिळवताना दुसरी सोडावी लागते, ही समजूत बेंद्रे यांच्या घराने खोटी ठरवली आहे.

आपल्या घरांतील खरी चिंता मला माहीत आहे. मुले शाळेत इंग्रजी बोलतात, मैदानावर कन्नड किंवा हिंदी, आणि मराठी उरते ती जेवणाच्या पानापुरती. ‘कन्नडचाही आग्रह धरला तर मराठीची उरलीसुरली जागाही जाईल’, असे आईवडिलांना वाटते. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिला माझे उत्तर असे आहे, की मूल भाषेला मुकते ते दुसरी भाषा शिकल्यामुळे नव्हे, तर त्याच्याकडे पहिल्या भाषेत कोणी काही मागत नाही म्हणून. साष्टीच्या त्या गृहस्थाने पुराण मागितले, म्हणून पुराण झाले. आपण मुलांकडे मराठीत काही मागतो का? आजीला देवनागरीत पत्र लिहून दे, गणेशोत्सवातील नाटकाची नक्कल वाचून दाखव, शेजारच्या अज्जींची कन्नड गोष्ट आम्हांला मराठीत सांग, असे मागितल्याशिवाय भाषा तोंडी राहत नाही. या शेवटच्या मागणीत तर दोन्ही भाषांचे काम एकदम होते.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवून मी रजा घेणार आहे. पहिली, मंडळाच्या मराठी वर्गाशेजारी मोठ्यांसाठी कन्नड अक्षरओळखीचा वर्ग सुरू करावा आणि त्याचे शिक्षक राजाजीनगरचेच कन्नड शेजारी असावेत. आपल्याला शिकवायला त्यांना बोलावणे, याहून मोठा मान आपण त्यांना देऊ शकणार नाही. दुसरी, मंडळाच्या ग्रंथालयात ‘ख्रिस्तपुराणा’ची एक प्रत आणि किटेलच्या कोशाची एक प्रत शेजारी शेजारी ठेवावी. एक पुस्तक परक्याने आपल्या भाषेला दिलेले, दुसरे परक्याने आपल्या शेजाऱ्याच्या भाषेला दिलेले. त्यांच्या शेजारी जागा मोकळी राहील. मंडळाच्या शतकमहोत्सवापर्यंत तेथे राजाजीनगरच्या एखाद्या मराठी मुलाने वा मुलीने कन्नडमध्ये लिहिलेले पुस्तक यावे, आणि त्याच लेखणीतून उतरलेले एखादे मराठी पुस्तकही, अशी माझी इच्छा आहे.